हारुन डफवाला आणि भालदार गल्लीतलं ऐसपैस अंगण

हारुनचा आवाज असा होता, की दूधबाजारात त्यानं "ऐका हो" म्हटलं की भद्रकालीत बांधलेल्या म्हशी पान्हा चोरायच्या. गवळ्यांनी वैतागून म्युनिसिपालिटीत तक्रार केली. म्युनिसिपालिटीनं ती फेटाळली, आणि फेटाळल्याची दवंडी पिटायचं काम हारुनलाच दिलं. त्यानं ती गवळीवाड्यासमोर उभं राहून इतक्या मन लावून पिटली, की गवळ्यांनी पुन्हा त्याचं नाव काढलं नाही.

तो काळ एकोणीसशे चौतीस-पस्तीसचा. नाशकात करमणूक यायची ती हारुनच्या तोंडातून यायची. सर्कशीचा तंबू पडला, तमाशाचा फड उतरला, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, वाळवंटात कुस्त्या ठरल्या, उरुसात कव्वाली असली, की मालक लोक आधी हारुनचं घर शोधत. मग गळ्यात डफ, हातात पत्र्याचा कर्णा आणि डोक्यावर गोंडा झडलेली तुर्की टोपी अशा थाटात हारुन निघायचा. काझीपुऱ्यातून रविवार कारंजा, तिथून खाली नदीवर, पूल ओलांडून पंचवटी, आणि परत. वाटेत जो चहा पाजेल त्याच्या दुकानासमोर तो जरा जास्त वेळ ओरडायचा.

त्याच्यात एकच खोड होती. त्याला खोटी तारीफ जमत नसे. सर्कशीची दवंडी देताना तो म्हणायचा, "वाघ आहे! म्हातारा आहे! दात एकही नाही, पण जांभई बघण्यासारखी देतो! तारेवरची पोरगी मात्र एक नंबर!" सर्कसवाला चाबूक घेऊन त्याच्या अंगावर धावून गेला होता. पण रात्री तंबूत पाय ठेवायला जागा उरली नाही. अर्धं गाव वाघाची जांभई बघायला आलं होतं. सर्कसवाल्यानं चाबूक ठेवला आणि हारुनला जिलबी चारली.

घरांचा नाद त्याला लागला तो एका पेन्शनर वकिलामुळे. वकीलसाहेबांना तांबट आळीतलं घर विकून मुलाकडे इंदूरला जायचं होतं. त्यांनी हारुनला बोलावलं आणि सांगितलं, कुस्त्यांबरोबर माझ्या घराचीही दवंडी दे. हारुननं घर खालीवर फिरून बघितलं, विहिरीत डोकावला, मोरीत उभा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी कर्णा तोंडाला लावला.

"तांबट आळीत घर विकणे आहे हो! चार खोल्या, वर माडी, स्वतःची विहीर! विहीर होळीपर्यंत टिकते, पुढं शेजाऱ्याकडे मागावं लागतं! आजूबाजूला सगळे तांबट, उजाडल्यापासून हंडे ठोकतात! कमी ऐकू येणाऱ्या माणसाला याच्यासारखं घर नाशकात नाही!"

वकीलसाहेब कोर्टात खेचण्याच्या गोष्टी करू लागले. पण आठवडा उलटायच्या आत एक बहिरे पोस्टमास्तर घर घ्यायला हजर झाले. त्यांना कुणीतरी हारुनची दवंडी पाटीवर लिहून दाखवली होती. बोलणी झाली, म्हणजे वकीलसाहेब बोलले आणि पोस्टमास्तरांनी मान हलवली, आणि घर गेलं. पोस्टमास्तर पुढं त्या घरात सुखानं राहिले. तांबटांनी ठोकलेले हंडे बघून ते म्हणायचे, "किती शांतपणे काम करतात हो ही माणसं!"

तेव्हापासून लोक घर घेण्याआधी हारुनला गाठू लागले. तोही मोकळ्या हातानं सल्ला द्यायचा. घर बघायला मालकाबरोबर कशाला जाता, म्हणायचा, शेजारणीकडे ताक मागायला जा. पाच मिनिटांत सगळं कळेल आणि ताकही मिळेल. दिवाणखान्यात बसू नका, तिथं खोटं बोलायला सगळे टपलेले असतात. सरळ मोरीत जाऊन उभे राहा. शेजाऱ्याला लग्नाच्या मुली किती ते विचारा, म्हणजे मांडव तुमच्या दारात किती वर्षं पडणार याचा अंदाज येईल. आणि घराला माडी असेल तर तुमची सासू जिना चढू शकते का ते बघा. चढू शकत नसेल तर घर जरूर घ्या.

एवढं सगळं जगाला सांगणारा हारुन स्वतः मात्र एका भडभुंज्याच्या माडीवर भाड्यानं राहत होता. खाली दिवसभर भट्टी पेटलेली. थंडीत पाहुणे त्यांच्याकडून हलत नसत. वैशाखात मात्र फरशीवर पाय ठेवायची सोय नसे.

"तुम्ही लोकांना घरं दाखवत फिरा," त्याची बायको सितारा म्हणायची. "आणि इथं मी फुटाणा होऊन उडते. एक दिवस भडभुंजा मला पुडीत बांधून विकणार आहे."

"बघतो ना," हारुन म्हणायचा.

"बारा वर्षं झाली, बघताय."

सितारा गोधड्या शिवायची. तिच्या गोधड्यांना नाशिक रोडपासून मागणी होती. आलेले पैसे ती कुठं ठेवते हे हारुनला माहीत नव्हतं, आणि त्याचं तोंड कसं आहे हे ठाऊक असल्यामुळे तिनं ते त्याला कधी कळूही दिलं नाही.

हारुनच्या या फुकट सल्ल्यानं ज्याच्या पोटावर पाय आला, तो मोतीराम दलाल. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, मोतीरामच्या काखेत छत्री ठरलेली. घर दाखवताना तो त्या छत्रीनंच दाखवायचा. पडक्या भिंतीकडे ती कधी वळायची नाही. हारुन समोरून येताना दिसला की मोतीराम गिऱ्हाइकाला बोळात ओढायचा. पण बोळ तरी किती सापडणार? एकदा त्यानं एका गिऱ्हाइकाला घाईत खाटकाच्या दुकानात नेलं आणि म्हणाला, "हे शेजारी." गिऱ्हाईक जैन होतं.

त्या वर्षी माघ सरता सरता मोतीराम स्वतःच भडभुंज्याचा जिना चढून आला.

"हारुनमियाँ," तो घाम पुसत म्हणाला, "तुमच्या फरशीवर भाकरी भाजेल हो!"

"भाजतोच आम्ही," सितारा आतून म्हणाली.

मोतीरामनं आवाज खाली आणला. काझीपुऱ्यातच मागच्या अंगाला दोन खोल्यांचं एक घर त्याच्या हातात होतं. मालक मुंबईला, त्याला कसली घाई नव्हती. जमेल तसे पैसे फेडले तरी चालणार होतं. हारुनमियाँसारख्या माणसानं असं भट्टीवर राहावं हे मोतीरामच्या जिवाला लागत होतं.

"आणि मी काय करायचं?" हारुननं विचारलं.

"काहीच नाही! तेच तर सांगतोय. महिनाभर काहीच करायचं नाही. भालदार गल्लीतलं एक घर मी एका बाईला देतोय. तिनं तुम्हाला विचारलं, तर घर चांगलं आहे एवढंच म्हणायचं. नाहीतर काहीच म्हणू नका. ते तर आणखी चांगलं."

भालदार गल्लीचं नाव निघाल्यावर हारुनला सगळं कळलं. त्या घरासमोर रहाड होती.

रहाड म्हणजे रंगाचा हौद. जमिनीत बांधलेला, चौकोनी, पुरुषभर खोल, दगडी. वर्षभर तो जाडजूड ओंडक्यांनी झाकून वर माती पसरलेली असते. वरून बैलगाड्या जातात, पोरं गोट्या खेळतात, कुणाला पत्ताही लागत नाही. होळीनंतर रंगपंचमीला माती काढतात, ओंडके उचलतात, पूजा करतात, फुलं उकळून केलेला रंग आत ओततात, आणि मग सगळा गाव त्यात उड्या मारतो. त्या उडीला धप्पा म्हणतात. एकेक पैलवान कपडे सावरून असा धप्पा मारतो, की रंग समोरच्या माडीच्या खिडकीत जातो. भालदार गल्लीच्या रहाडीचा रंग पिवळा. ज्या घरासमोर ती होती, त्याची भिंत पहिल्या मजल्यापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या पिवळी होती. मोतीरामनं तिला नुकताच चुना लावून घेतला होता.

हारुननं आत सिताराकडे पाहिलं. ती गोधडीच्या टोकानं वारा घेत होती. त्यानं मोतीरामला मान डोलावून होकार दिला.

चारच दिवसांनी परीक्षा आली. हारुन टुरिंग सिनेमाची दवंडी देत भालदार गल्लीत शिरला, तर त्या घरासमोर मोतीराम छत्री फिरवत उभा, आणि शेजारी एक उंच, हाडापेरानं भक्कम बाई. ही गोजराबाई. त्र्यंबकेश्वरला देवळाच्या वाटेवर तिचं पेढ्यांचं दुकान होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दुकान पुतण्याच्या गळ्यात घालून ती आता नाशकाला राहायला येणार होती.

"बघा तर खरं हे अंगण!" मोतीराम सांगत होता. "सबंध गल्लीत कुणाच्या दारात एवढी मोकळी जागा आहे का? आणि इथं कधी कुणी घर बांधणार नाही. अगदी लिहून देतो. तुमचं ऊन कुणी अडवणार नाही."

यातला शब्द न्‌ शब्द खरा होता. हारुनला मोतीरामचं कौतुक वाटलं.

"ऊनच पायजे मला," गोजराबाई म्हणाली. "त्र्यंबकला निम्मं वरीस भिंती गळत्यात. गुडघे पार आंबले माजे. पर ह्या भिंतीला काय झालंय? कावीळ झाल्यासारखी दिसती."

चुन्याखालून पिवळा रंग हळूहळू वर येऊ लागला होता. "संध्याकाळचं ऊन," मोतीराम म्हणाला.

"सकाळी?"

तेवढ्यात तिचं लक्ष हारुनकडे गेलं. "तूच का रं तो हारुन? तुला इचारल्याबिगार घर घेऊ नको म्हणून समद्यांनी सांगितलंय. सांग बरं, कसं हाय हे घर?"

हारुननं कर्णा खाली घेतला. त्याच्या घशात 'रहाड' हा शब्द येऊन बसला होता. मोतीरामनं छत्रीचं टोक हळूच काझीपुऱ्याच्या दिशेला केलं.

"घर..." हारुन म्हणाला, "घराला चार भिंती आहेत, मावशी."

"त्या मला दिसत्यात."

"वर छप्पर आहे."

"आन्‌?"

"आणि दार आहे," एवढं म्हणून हारुननं डफावर थाप मारली आणि गल्लीतून जवळजवळ पळतच सुटला. सिनेमाचं नाव, जागा, तिकीट, काहीच त्या गल्लीला सांगायचं राहिलं. भालदार गल्लीतलं कुणीही त्या रात्री सिनेमाला गेलं नाही.

रात्री त्यानं दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. सितारा पाहत राहिली. जेवताना हारुन गप्प, असं बारा वर्षांत झालं नव्हतं. ताप आला असेल म्हणून तिनं कपाळाला हात लावला, पण भट्टीमुळे त्या घरात सगळ्यांचंच कपाळ गरम असे.

"झालंय काय?" तिनं विचारलं. मग हारुननं सगळं सांगितलं.

सितारा आधी हसली. पदर तोंडाला लावून इतकी हसली, की खालून भडभुंज्यानं काय झालं म्हणून विचारलं. "तुम्ही गप्प बसलात! आणि दुसऱ्याच्या घरासाठी! माझ्यासाठी एक दिवस बसला असतात तर मी पेढे वाटले असते!" मग तिनं डोळे पुसले आणि मुद्द्यावर आली. "आणि ते काझीपुऱ्यातलं घर कसं आहे?"

"दोन खोल्या आहेत."

"मोरीत उभे राहिलात?"

त्यानं घर बघितलंच नव्हतं. सगळ्या नाशकाला मोरीत उभं करणारा हा माणूस स्वतःच्या घराच्या वेळी मोतीरामच्या छत्रीवर भाळला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सितारानंच त्याला हाताला धरून नेलं. शेजारणीकडे ताक मागितलं. शेजारीण म्हणाली, "ताक कसलं बाई, आमची म्हैस गेल्या पावसात त्याच घरात बुडाली." वरच्या अंगाच्या तीन घरांचं सांडपाणी या घराच्या मोरीत उतरत होतं, आणि मोरीतून बाहेर जायला त्याला वाट नव्हती. मागची खोली बसत चालली होती. पुढची खोली मागचीला टेकून उभी होती. मुंबईचा मालक मुंबईला का राहतो, हे सांगायला कुणाची गरज पडली नाही.

"जमेल तसे फेडा म्हणे," सितारा म्हणाली. "फेडायला जिवंत राहायला नको?"

ते घर बघितल्यावर हारुनच्या सचोटीला एकदम जोर चढला. एका परक्या विधवेला फसवणं हे माणुसकीला धरून नाही, असं तो वाटभर बोलत राहिला. सितारा नुसती "हो ना, हो ना" म्हणत होती.

भालदार गल्लीत देवराम पैलवान राहायचा. रहाडीचा मान त्याच्या घराण्याकडे. ती उघडायची कधी, पूजा कुणी करायची, पहिला धप्पा कुणाचा, हे सगळं तोच ठरवायचा. मांड्या अशा, की तो ओट्यावर बसला की दुसऱ्याला जागा नाही. रंगपंचमीची दवंडी दरवर्षी हारुनच द्यायचा. पण ती होळीनंतर. या वर्षी हारुन फाल्गुन लागताच त्याच्याकडे गेला.

"पैलवान, दवंडी आजच देऊ का?"

"आज? अजून होळीची लाकडं चोरायचीत पोरांनी."

"लोकांना आधीपासून माहीत असलेलं बरं."

"अख्ख्या नाशकाला माहीत आहे की," देवराम म्हणाला. मग त्यानं हारुनच्या तोंडाकडे नीट बघितलं, समोरच्या चुना लावलेल्या भिंतीकडे बघितलं, आणि मांडीवर थाप मारली. "तरी म्हटलं ही भिंत एवढी गोरी कशाला केली! दे तू दवंडी. माझ्या दारातच दे."

त्या दुपारी गोजराबाई इसार द्यायला आली होती. मोतीराम, घरमालक आणि ती, तिघं ओटीवर बसली होती. मोतीरामनं पानाचा विडा पुढं केला आणि तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेर डफ कडाडला.

"ऐका हो ऐका! सालाबादप्रमाणे रंगपंचमीला भालदार गल्लीतली रहाड उघडणार हो! देवराम पैलवानाच्या दारासमोर, आणि बरोबर हे मोतीरामशेट बसलेत त्या घराच्या दारासमोर! पुरुषभर खोल! पिवळा रंग! पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत! खिडक्या लावून घ्या, कपडे आत घ्या, नवा चुना लावलेली भिंत असेल तर तिची आशा सोडा हो!"

मोतीराम छत्री घेऊन बाहेर आला. "हारुनमियाँ! घर!" तो दात खाऊन म्हणाला.

"मोरीत उभा राहून आलो," हारुन म्हणाला. मोतीरामनं छत्री खाली घेतली.

गोजराबाई सावकाश उंबऱ्यात आली. रहाडीचं नाव तिनं त्र्यंबकला ऐकलं होतं, पण ती कुठंतरी देवळासमोर असेल अशी तिची समजूत होती. "कुठं हाय?" तिनं विचारलं.

देवराम अंगणाच्या मधोमध गेला आणि जोरात पाय आपटला. जमिनीतून 'घुम्म' असा आवाज आला. मालकानं डोळे मिटले.

"उघड बरं जरा," गोजराबाई म्हणाली.

देवरामनं कोपऱ्यातली माती सारून एक ओंडका उचलून दाखवला. गोजराबाईनं पदर खोचला, गुडघ्यांची तक्रार न करता वाकली आणि आत डोकावली. मग हारुनकडे वळली.

"त्या दिशी का नाय सांगितलंस?"

हारुननं कर्णा पाठीमागे घेतला. "मावशी, मला घर देतो म्हणाले होते."

"मग आता का सांगितलंस?"

"ते घर बघितलं," हारुन म्हणाला.

गोजराबाई अशी खळखळून हसली, की देवरामच्या हातातला ओंडका निसटला. "खरं बोलणारा मानूस हाय. बरं, आता नीट सांग. तू घेशील का हे घर?"

"मी नाही घेणार. वर्षातून एक दिवस तुमच्या दारात गाव नाचणार. रंग उंबऱ्यात येणार. दाराला जोर लावला तरी उघडणार नाही, एवढी गर्दी. संध्याकाळपर्यंत तुम्ही घरात कोंडलेल्या. भिंतीची कावीळ कधी जाणार नाही. बाकी वर्षभर मात्र मोतीरामशेट म्हणाले ते खरं. ऊन तुमचं."

"एकच दिस?"

"एकच."

"अरं बाबा, मी त्र्यंबकची! जन्म गेला माजा, रोज दारात गर्दी. रोज कुणीतरी देव देव करत पायावर पाय देतंय आन्‌ सुट्टे मागतंय. आन्‌ इथं वर्साला एक दिस लोक येनार, ते बी हसत?" तिनं देवरामला विचारलं, "लोक किती येत्यात?"

"सगळं नाशिक," देवराम छाती काढून म्हणाला.

"भुकेले आस्त्यात का?"

"धप्पा मारल्यावर माणूस ओंडका खाईल."

गोजराबाई पुन्हा ओटीवर जाऊन बसली आणि मोतीरामनं पुढं केलेला विडा उचलून तोंडात टाकला. मोतीरामचा चेहरा उजळला. मग ती शांतपणे म्हणाली, "तर मोतीरामशेट, घराची किंमत तुमी खड्ड्यासकट सांगितलेली, का खड्डा वजा करून?"

पुढचा तासभर मोतीराम छत्री उघडत होता आणि मिटत होता. मालक दोनदा उठून गेला आणि दोनदा परत आला. देवराम ओट्यावर बसून आपल्या घराण्यातल्या कुणाच्या धप्प्यानं या घरातलं काय काय फुटलं त्याच्या हकिकती सांगत होता, आणि प्रत्येक हकिकतीनंतर किंमत खाली येत होती. हारुनला बोलायची गरजच पडली नाही. दिवे लागायच्या सुमाराला घर गोजराबाईचं झालं. ठरली होती त्यापेक्षा मोतीरामची दलाली इतकी उतरली, की तो जाताना हारुनला म्हणाला, "अल्ला तुझ्या तोंडात साखर घालो आणि तिथंच ठेवो."

रंगपंचमीला गोजराबाईच्या ओटीवर चार पराती भरून पेढे मांडले होते. दुपारपर्यंत ते सगळे पिवळे झाले. केशरी पेढे म्हणून तिनं ते जास्त भावानं विकले. पूजा झाली, देवरामनं पहिला धप्पा मारला आणि चुना लावलेली भिंत एका फटक्यात होती तशी झाली. हारुन तिच्या माडीच्या खिडकीत कर्णा घेऊन बसला होता. कोण उडी मारतोय, कोण घाबरतोय, कुणाचं धोतर वर तरंगतंय, सगळं गल्लीभर ऐकू जात होतं.

मोतीराम राहिलेली दलाली मागायला नेमका त्याच दिवशी आला. गल्लीच्या तोंडाशीच पैलवानांनी त्याला उचललं.

"मोतीरामशेट निघाले हो!" हारुन ओरडला. "छत्री उघडलीय! उघडी छत्री घेऊन निघाले! गेले! छत्री वर आहे, शेट खाली आहेत! आले वर! शेट पिवळे, छत्री पिवळी!"

मोतीराम रहाडीत कमरेएवढ्या रंगात उभा राहून हारुनला शिव्या देत होता, पण हसूही आवरत नव्हतं. त्याला बाहेर काढल्यावर गोजराबाईनं पेढा दिला आणि दलालीही दिली. मग तिनं हात पुसले, नऊवारीचा कासोटा आवळला आणि अंगणात उतरली. बाईमाणसानं धप्पा मारल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. देवराम पुढं होऊन म्हणाला, "मावशी, अहो, रीत नाही."

"खड्डा कुनाच्या दारात हाय?"

"तुमच्या."

"मग सर बाजूला," म्हणाली आणि तिनं उडी घेतली. धप्पा काही फार मोठा नव्हता, पण समोरच्या माड्यांवरच्या बायका इतक्या किंचाळल्या, की हारुनचा कर्णाही त्यात बुडाला. गुडघे आंबलेल्या गोजराबाईला बाहेर काढायला चार पैलवान लागले. त्यावर आठ दिवस गावात चर्चा चालली. कुणी नाकं मुरडली, कुणी धर्म बुडाला म्हणालं. पण पुढच्या वर्षी देवरामच्या आईनंच, वय सत्तर, त्याच्याकडे निरोप धाडला, की पुरुष घरी गेले की तासभर रहाड बायकांना सोड. देवरामला आईपुढं बोलायची सोय नव्हती.

हारुनच्या घराचं काय झालं म्हणाल, तर तो बेत हारुनला न विचारताच पार पडला. सितारा आणि गोजराबाई यांची त्या रंगपंचमीपासून गट्टी जमली होती. दोघी दुपारच्या घरं बघत फिरायच्या, ताक मागायच्या, मोऱ्यांत उभ्या राहायच्या. एक दिवस सितारानं गोधड्यांच्या गठ्ठ्यातून, कुठल्या ते तिलाच ठाऊक, बारा वर्षांची शिल्लक काढली आणि दोन खोल्यांचं घर घेऊन टाकलं. भिंती कोरड्या, मोरी स्वच्छ, खाली भट्टी नाही, मागं पेरूचं झाड. हारुन पहिल्यांदा घरात शिरला तेव्हा त्याला बोट ठेवायला जागा सापडेना. मग रात्र झाली, आणि मागच्या भिंतीपलीकडे एक बाई मोठ्यानं रडू लागली.

"कोण मेलं?" हारुन ताडकन उठून बसला.

"नायिका," सितारा म्हणाली. "पलीकडे सिनेमाचं थिएटर आहे. म्हणून तर इतक्या स्वस्तात मिळालं."

थिएटर पक्कं बांधलेलं होतं, रोज दोन खेळ व्हायचे. नायिका रोज दोनदा रडायची. जन्मभर लोकांची झोप उडवत फिरलेला हारुन उशी कानावर घेऊन पडायचा आणि म्हणायचा, "केवढा हा गोंगाट! या लोकांना काही लाजलज्जा?" सितारा गाढ झोपलेली असायची. बारा वर्षं हारुनच्या शेजारी काढल्यावर तिला असल्या आवाजाचं काय!

पुढं थिएटरवाल्यानं टांग्यावर विजेचा भोंगा बसवला आणि हारुनच्या दवंडीची कामं कमी कमी होत गेली. त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण घरांची गिऱ्हाइकं घरी येतच राहिली. आता तो ओट्यावर बसून सल्ला देई, आणि खेळ सुरू झाला की ओरडून देई, कारण मग ऐकू येत नसे. गिऱ्हाईक विचारायचं, "हारुनभाई, तुम्ही स्वतः हे घर कसं काय घेतलंत?" तेव्हा तो आतल्या दाराकडे एकदा बघायचा आणि म्हणायचा, "मोरी फार चांगली आहे हो."

दर शुक्रवारी गोजराबाई भालदार गल्लीतून येई, पदरात चार पेढे बांधून. सितारा बुरखा चढवी. दोघी थिएटरच्या जनान्यात जाऊन बसत आणि मध्यंतरापर्यंत मनसोक्त रडत. हारुन घरी चुलीवर सालन ढवळत भिंतीतून कथा ऐकत बसे. खेळ सुटला, की दोघी परत येऊन नायिकेचं काय झालं ते त्याला सांगायला लागत, आणि तो म्हणे, "माहीत आहे. हातपाय धुवा, ताटं घ्या."